पहिला मासा भावाच्या चुलीवर

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी नवऱ्याला तवा फेकून मारला. नेम चुकला, तवा धरणात गेला आणि पुढचा आठवडाभर आम्ही नुसत्या भातावर काढला. नवा तवा आणायचा तर डोंग्यातून, म्हणजे छोट्या होडीतून, काठावर जायचं, काठावरून फाट्यापर्यंत पायी आणि तिथून एसटीनं उमरेडला. जमिनीवरच्या बायका भांडणात काही फेकतात तेव्हा ते उचलून परत जागेवर ठेवता येतं. नावेवर संसार करणाऱ्या बाईला तेवढीही सोय नसते.

तवा फेकण्याचं कारण साधं होतं. भर दुपारी मी अनवाणी नावेच्या उघड्या भागावर पाय ठेवला, कातडी लोखंडाला चिकटली, मी किंचाळले आणि हा हसला. तळपायाची आग मस्तकात जाणे याचा वाक्यात उपयोग मी शाळेत असताना कितीदा तरी केला होता. अर्थ त्या दिवशी कळला.

आमची नाव मोठी, चपटी आणि लोखंडी होती. पूल होण्याआधी ती धरणाच्या या काठावरून त्या काठावर माणसं, मोटरसायकली आणि बैलजोड्या न्यायची. पूल झाल्यावर ती काठाला गंजत पडली. मग मत्स्यपालनाच्या एका ठेकेदारानं ती घेतली, वर टिनाचं छप्पर ठोकलं आणि धरणाच्या मधोमध त्याच्या पिंजऱ्यांशेजारी नांगर टाकून उभी केली. पिंजरे म्हणजे पाण्यात सोडलेल्या जाळ्यांच्या मोठमोठ्या खोल्या, प्लास्टिकच्या पिंपांवर तरंगणाऱ्या. त्यांत पंगस मासे वाढत. त्यांच्या राखणीला कोणीतरी तिथंच राहणारं हवं होतं, म्हणून आम्ही. घर म्हणजे ती नाव, दुसरं घर आम्हाला नव्हतं.

मी नागपूरची, उत्तर भागातली. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात शिकण्यावर भर. मी बी.कॉम. होऊन बर्फाच्या एका कारखान्यात बिलं करायला बसले आणि तिथं मासळीच्या गाडीसाठी बर्फ न्यायला येणाऱ्या, मासेमारी करणाऱ्या ढिवर घरातल्या एका पोराच्या प्रेमात पडले. तो ऐन थंडीत बर्फाच्या लादीवर बसून चहा प्यायचा, हे मला भारी वाटायचं. आईनं एवढंच विचारलं की नागपुरात एवढ्या खोल्या भाड्यानं मिळतात, तुला पाण्यावरच का जायचं आहे. काका मात्र लग्नाला आले नाहीत. सगळं खानदान शिकून वर आलं आणि ही पाण्यात चालली, असं ते म्हणाल्याचं मला तिसऱ्याकडून कळलं. मी त्यांना फोन करून चांगलं सुनावलं.

पाण्यावर फार शांत वाटत असेल, असं मैत्रिणी म्हणायच्या. शांत कसलं कपाळाचं. सकाळी पिंजऱ्यात खाद्य टाकलं की पंगस एकमेकांच्या अंगावर चढून असे तुटून पडत की पाणी उकळतंय असं वाटे, आणि जे आधीच जखमी असतील त्यांचे डोळे बाकीचे खाऊन टाकत. पाणकावळे एवढा मोठा मासा जिवंत गिळत आणि तो त्यांच्या गळ्यातून खाली जाताना वळवळलेला दिसे. पावसाळ्यात धरण भरू लागलं तेव्हा तर काठावरचं सगळं जिवंत जग आमच्याकडे पोहत आलं. साप, विंचू, घोरपड, एकदा एक भिजलेलं मुंगूस. पाण्यात बुडणाऱ्याला नाव दिसते, नावेत कोण राहतं हे दिसत नाही. त्या पंधरवड्यात मी सब्बलनं, म्हणजे लोखंडी पहारेनं, इतके साप ठेचले की रात्री डोळे मिटले तरी हातात सब्बल असल्यासारखं वाटायचं. माझ्या घरी मुंगीवरून कोणी पाय देत नसे. मी इतकी मारकुटी आहे हा शोध मला त्या नावेवरच लागला, आणि खरं सांगायचं तर मला त्याची लाज वाटली नाही.

नवऱ्याचं मुख्य काम पाण्याखालचं होतं. कासवं जाळ्यांना भोकं पाडत. एक भोक राहिलं की अर्धा पिंजरा रिकामा. म्हणून रोज सकाळी तो कमरेला सुरी आणि दोरा बांधून पिंजऱ्यांखाली बुडी मारायचा, भोक हातानं चाचपून शोधायचा आणि श्वास धरून शिवायचा. वर येऊन दम घ्यायचा आणि पुन्हा खाली. हे तासभर तरी चाले. मी काठावर, म्हणजे नावेच्या कडेला बसून भांडी घासायची आणि त्याचं डोकं वर आलं की माझाही धरलेला श्वास सुटायचा. मला स्वतःला पोहता येत नव्हतं. तो शिकवतो म्हणायचा, मी उद्या म्हणायचे.

या सगळ्यात आमच्याकडे येणारा माणूस एकच. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. सासरे लवकर गेले, तेव्हा यानंच धाकट्याला वाढवलेलं. दांडगा माणूस, मान बैलासारखी, आणि हात बोलण्याच्या आधी चालायचा. ठेकेदाराचे पिंजरे आले तेव्हा धरणाचं सगळ्यात चांगलं पाणी गावच्या ढिवरांच्या हातून गेलं. पिंजऱ्यांच्या आसपास जाळं टाकायचं नाही असा नियम झाला. आमच्या आधीच्या राखणदारानं हा नियम भासऱ्यांना समजावून सांगितला, तर त्यांनी वल्ह्यानं त्याचा जबडा मोडला. त्यावर ठेकेदाराच्या मॅनेजरनं डोकं चालवलं आणि त्यांच्याच सख्ख्या भावाला राखणीला बसवलं. आता मार कोणाला मारतोस, असं.

भासरे माझ्याशी बोलत नसत. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाहीत, असं नवऱ्यानं मला आधीच सांगून ठेवलं होतं. ते डोंगा आमच्या नावेला लावत, एक मासा कडेवर ठेवत आणि निघून जात. त्याचीही एक रीत होती. सासऱ्यांच्या वेळेपासून या घरात धरलेल्या माशांतला पहिला मासा कोणी आपल्या चुलीवर शिजवत नाही. तो भावाच्या घरी जातो. मग भावाशी भांडण असो, अबोला असो, एखाद्यानं दुसऱ्याचं डोकं फोडलेलं असो. पहिला मासा स्वतः खाल्ला तर पाणी पुन्हा देत नाही, अशी त्यांची समजूत. आमच्या नावेखाली हजारो मासे वळवळत होते, तरी भासरे पहिला मासा आणून ठेवायचे. मला याचं कौतुक वाटायचं, हेही सांगून टाकते.

तो मासा कापायचा मात्र नवराच. इतर मासे मी कापू लागले होते, चांगले सफाईनं, पण भावाचा मासा आला की हा विळी घेऊन नावेच्या मागच्या टोकाला जायचा आणि साफ केलेले तुकडेच माझ्यापुढे ठेवायचा. मला वाटलं, हीही रीत असेल.

त्याची अजून एक अट होती. धुतलेले कपडे दोरीवर टाकायचे ते तो पाण्यातून वर आल्यावर, अंग पुसून झाल्यावर. त्याआधी नाही. का, तर म्हणे खाली असताना वर कपडे फडफडले की त्याला अपशकुन वाटतो. यावर मी त्याची भरपूर टर उडवली. बर्फाच्या लादीवर बसणारा गडी आणि बायकोच्या परकराला घाबरतो. तो हसायचा आणि तेवढं ऐक म्हणायचा. मी ऐकायचे.

आणि अधूनमधून धक्के बसायचे. आवाज फारसा नाही. नावेचं लोखंड पायाखाली एकदम थरथरायचं, खालून कोणीतरी लाथ मारावी तसं. पिंजऱ्यातले पंगस तळाला जाऊन एकमेकांना चिकटून बसायचे आणि त्या दिवशी खाद्याला तोंड लावायचे नाहीत. मी विचारलं तर नवरा म्हणायचा, काठावरच्या गावात विहीर फोडून राहिले. विदर्भात विहिरी सुरुंगानंच फुटतात, त्यामुळे मलाही त्यात काही खोट दिसली नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा नवरा दोर आणायला उमरेडला गेला होता. परतीची एसटी दुपारची होती. भासरे आले, एक मोठा रोहू ठेवला आणि गेले. उन्हात मासा किती वेळ ठेवणार? मी विळी घेतली.

बाहेरून मासा सुरेख होता. खवला निघालेला नाही, कल्ल्यात जाळ्याचा दोरा रुतल्याची खूण नाही, गळाचं भोक नाही. मी पोट चिरलं आणि हात आत घातला तर आतलं काही आपल्या जागी नव्हतं. हवेचा फुगा फाटून चिंधी झालेला. काळीज कुठलं, आतडी कुठली, काही कळेना, सगळा लगदा. बरगड्या मांसातून सुटून हाताला टोचल्या. कण्याला अंगठा लावला तर तो मांसापासून आपोआप सुटून आला, त्याच्या लांबीभर काळं रक्त साकळलेलं. मी तोवर शेकडो मासे कापले होते. असा मासा पाहिला नव्हता. कोणीतरी त्याला कातडीच्या आत ठेवून ठेचलं होतं.

मी हात धुऊन बसले आणि माझ्या मनात एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसू लागली. जाळ्याशिवाय मासे. पायाखालचे धक्के. विहिरी फोडणाऱ्यांकडून गावात कोणालाही मिळणारा तो माल. माझ्या भासऱ्यांनी जाळं टाकायला जागा उरली नाही म्हणून पाण्यात स्फोट करायला सुरुवात केली होती. आणि पहिला मासा भावाच्या चुलीवर ही रीत मोडायची त्यांची छाती झाली नाही, म्हणून ते प्रत्येक वेळी आपल्या गुन्ह्याचा पुरावा राखणदाराच्याच घरी स्वतःच्या हातानं आणून देत होते. जगात असा चोर दुसरा नसेल. मला आधी हसूच आलं.

मग माझं लक्ष नवऱ्याच्या ओल्या चड्डीकडे गेलं, सकाळी बुडी मारून आल्यावर त्यानं पिळून ठेवलेली. आणि माझं हसू तिथंच थांबलं. तो रोज त्याच पाण्यात असतो. त्या माशाला पोट होतं तसं त्यालाही आहे.

तो संध्याकाळी आला तेव्हा मी ताटात तो कापलेला मासा कच्चाच वाढून ठेवला होता. त्यानं एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बॅग खाली ठेवली. मी विचारलं, केव्हापासून माहीत आहे? तो म्हणाला, पहिल्या माशापासून. मी विचारलं, मग मॅनेजरला का नाही सांगितलं? तो म्हणाला, भाऊ जेलात जाईल. मी ओरडले की तू मरशील त्याचं काय. तेव्हा तो अगदी शांतपणे, जणू काही मला धीर द्यावा तसा बोलला.

"नाही मरत. तुये कपडे पाहून तो टाकते. कपडे दिसले म्हणजे मी पाण्यात नाही."

मी त्याच्या तोंडात मारली. पुन्हा मारली. दीड वर्ष मी माझी साडी, माझे परकर, माझ्या ओढण्या दोरीवर टाकत होते आणि प्रत्येक वेळी तिकडे कोणीतरी ते पाहून पाण्यात सुरुंग सोडत होतं. एखाद्या दिवशी ढग पाहून मी घाईनं कपडे आधी टाकले असते तर? अपशकुनाची गोष्ट सांगून माझी समजूत काढली होती या माणसानं. खरं कारण सांगितलं असतं तर मी जिवाच्या आकांतानं ते पाळलं असतं. तो मार खात उभा राहिला. मी दमले तेव्हा त्यानं ताट उचललं आणि मासा पाण्यात टाकून दिला.

दुसऱ्या दिवसापासून मी कपडे दोरीवर टाकले नाहीत. धुवायचे, पिळायचे आणि छपराखाली टोपलीवर पसरायचे. दमट कपडे घालून अंगाला खाज सुटली, पण दोरी रिकामी ठेवली. धक्के बंद झाले. मला वाटलं, जिंकले.

भासरे आले ते मासा न घेता. प्रथमच नावेवर चढले. डोळे लाल, पायात काही नाही, तापल्या लोखंडावर ते सतरंजीवर उभं राहावं तसे उभे राहिले. मी समोरच होते, पण ते बोलले नवऱ्याशी.

"तुया बायकोले सांग, कपडे वाळू घालत जाय म्हणा."

मी थेट उत्तर दिलं. रीतभात गेली खड्ड्यात.

"ज्या दिवशी तुमचा भाऊ त्या माशासारखा पोट फुटून वर येईल, त्या दिवशी घालीन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी नवऱ्याच्या कानाखाली अशी काही वाजवली की तो छपराच्या खांबावर आदळला. माझ्या नवऱ्यानं त्या दिवसापर्यंत भावावर हात उचलला नव्हता. त्या दिवशी उचलला. दोघं तापलेल्या लोखंडावर लोळले, पाठी सोलून निघाल्या, भाताचं पातेलं उलटलं आणि त्या उकळत्या भातातून ते एकमेकांना ढकलत राहिले. कोणी ओरडत नव्हतं, नुसते श्वास आणि मांसावर मांस आपटल्याचे आवाज. भासऱ्यांच्या हाताला वल्हं लागलं. पहिला फटका नवऱ्याच्या खांद्यावर बसला, दुसरा त्यांनी डोक्यावर उगारला. तेव्हा मी सब्बल उचलली आणि भासऱ्यांच्या पाठीत घातली.

ते गुडघ्यावर बसले. तोंड उघडं, पण आवाज निघेना. लागलं किती ते माहीत नाही, पण भावजयीनं मारलं हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. मी सब्बल धरून उभी होते आणि मनातून म्हणत होते, अजून एकदा वल्ह्याला हात लावा. त्यांनी लावला नाही. डोंग्यात उतरले आणि नवऱ्याला म्हणाले, "आजपासून तुमची नाव मले दिसत नाही. भाऊ नाही अन् कोणीच नाही."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. रात्री नवऱ्याच्या पाठीला हळद लावताना कळलं आणि माझा हात थांबला. आता ते दोरी पाहणार नव्हते. कपडे असोत नसोत. मी खूण मोडली होती, सुरुंग नाही.

आणि उन्हाळा चढत होता. धरण आटत चाललं तसे काठ आत सरकत आले. मोठे मासे खोल पाण्यात गेले आणि खोल पाणी उरलं ते फक्त मधोमध, आमच्या पिंजऱ्यांभोवती. दोनच दिवसांत पुन्हा धक्के सुरू झाले, आधीपेक्षा जवळून. चमचे वाजायचे. मी नवऱ्याला हातापाया पडून सांगितलं की बुडी मारू नकोस. तो मॅनेजरशी फोनवर बोलला. उत्तर आलं, भोकं शिवायची नसतील तर नाव रिकामी करा. मी म्हटलं, करू रिकामी. तो म्हणाला, अन् जाऊ कुठं? भासऱ्यांना फोन लावला तर उचलत नव्हते. मी डोंग्यातून गावात जाऊन जावेला भेटले. तिनं मला चहा दिला आणि दंडावरचे वळ दाखवले. ती बिचारी काय सांगणार होती त्यांना.

मग मी रोज सकाळी नावेच्या टोकाला बसू लागले. नवरा खाली, माझी नजर पाण्यावर. एवढी भीती मी आयुष्यात कधी अनुभवली नव्हती. भीतीनं माणूस केविलवाणा होतो म्हणतात, मी तर जास्तच चिडले. नवऱ्यावर, ठेकेदारावर, त्या मुक्या पंगसांवर, सगळ्यांवर.

त्या सकाळी नवरा सगळ्यात लांबच्या पिंजऱ्याखाली होता. पाणी आटल्यामुळे बुडालेल्या झाडांची खोडं वर आली होती. त्यांच्या आडून भासऱ्यांचा डोंगा निघाला आणि सरळ आमच्या बाजूला आला. इतका जवळ की त्यांच्या तोंडातली बिडी मला दिसली. डोंग्यात माणूस उभा राहतो तो फेकायलाच. एरवी बसून असतो. ते उभे राहिले आणि त्यांच्या हातात जाळं नव्हतं.

मी ओरडले. वारा त्यांच्याकडून माझ्याकडे होता. मी सब्बलनं टिनावर बडवलं. त्यांनी मान वळवली नाही. त्यांनी बिडी तोंडातून काढून दुसऱ्या हाताजवळ नेली.

विचार करून उडी मारली असं मी पुढे लोकांना सांगितलं. बाई पाण्यात पडलेली पाहिली तर ते थांबतील, असा. पण तसा काही विचार मी केला नव्हता. नवरा खाली होता आणि मी वर होते, हे मला सहन झालं नाही, एवढंच. मी पाण्यात पडले आणि लगेच खाली जाऊ लागले. नाकातोंडात पाणी, डोळ्यांपुढे हिरवं, आणि डोक्यात एकच गोष्ट, की आता पोट फुटेल.

आवाज आला, पण पाण्यातून नाही. वरून आला, कोरडा, फांदी मोडावी तसा. माझं पोट जागेवर होतं. मग कोणीतरी माझे केस धरले आणि मला वर ओढलं. नवरा होता, जिवंत, शिव्या देत.

भासऱ्यांचा डोंगा स्वतःभोवती गोल फिरत होता. ते त्यात बसले होते आणि आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते. मनगटापुढे हात नव्हता. चेहऱ्याचा उजवा भाग काळा पडला होता, कानातून रक्त येत होतं आणि पाण्यावर लाल ठिपके पडत होते, त्यांवर लहान मासे येऊन टिपत होते. नवऱ्यानं मला पिंपाला चिकटवून ठेवलं, पोहत जाऊन त्यांचा हात त्यांच्याच खांद्यावरच्या दुपट्ट्यानं आवळला आणि डोंगा काठाला नेला. गावातल्या एका जीपनं आधी उमरेड, मग नागपूर. मी ओल्या कपड्यांनीच मागच्या सीटवर बसले होते आणि भासऱ्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

मेडिकलला, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यात, पोहोचेपर्यंत गावात गोष्ट तयार झाली होती. भावजय पाण्यात पडली, भाऊ आधीच पाण्यात, आणि यांच्या हातात वात पेटलेली. फेकली असती तर दोघं मेले असते. म्हणून यांनी ती हातातच धरून ठेवली. ही गोष्ट पहिल्यांदा नवऱ्यानं सांगितली, कारण त्याला ती अशीच समजली होती. मलाही. पोलिसांना विहिरीच्या कामावर अपघात झाल्याचं सांगितलं, पण घरात, वॉर्डात, जावेच्या माहेरी सगळीकडे हीच गोष्ट. या माणसाला मी काय काय बोलले होते ते आठवून मला जेवण जात नव्हतं.

भासरे शुद्धीवर आल्यानंतर दुसऱ्या दिवशी नवरा औषधं आणायला खाली गेला आणि जाऊ घरी गेली होती. वॉर्डात त्यांच्याजवळ मी एकटीच. मी कोणाच्या पाया पडत नाही, सासूच्याही पडले नव्हते. उठून खाटेच्या टोकाला गेले आणि भासऱ्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी पाय ओढून घेतले. मग पहिल्यांदाच, सरळ माझ्याकडे बघून, ते माझ्याशी बोलले.

"कायले पाय धरून राहिली, बाई? मी तुले पाह्यलंच नाही. वात आखूड निघाली. नाहीतर मी टाकलीच होती."

मी उभी राहिले. मी विचारलं, आणि तुमचा भाऊ खाली आहे हे? ते छताकडे पाहू लागले. म्हणाले, त्याचा इचारच नव्हता डोक्यात. खाली मासे आहेत, एवढंच होतं.

मी सलाईनच्या दांड्याला हात घातला. तो दांडा उचलून त्या पट्टी बांधलेल्या हातावर घालावा, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटलं. तेवढ्यात नवरा आला. औषधांची पिशवी त्यानं स्टुलावर ठेवली, भावाच्या उशाशी बसला आणि ती पट्टी अलगद आपल्या मांडीवर घेतली. त्याच्या खांद्यावरचा वल्ह्याचा वळ अजून गेला नव्हता. मॅनेजरचा निरोप सकाळीच आला होता, नाव रिकामी करायची. घर गेलं होतं, काम गेलं होतं, आणि हा माणूस गेले तीन दिवस सुखी दिसत होता, कारण त्याला भाऊ परत मिळाला होता.

"दादा," तो म्हणाला, "मायासाठी तू हात देल्ला." आणि रडू लागला.

भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जबडे मोडणारा तो माणूस, त्याच्या उरलेल्या एका चांगल्या डोळ्यात भीती होती. माझी भीती. माझ्या एका वाक्यावर त्यांचा भाऊ उठून जाणार होता आणि हे त्यांना माहीत होतं.

मी बाटलीचं झाकण उघडून ती नवऱ्याच्या हातात दिली.

"आधी पाणी पाज त्यांना," मी म्हटलं. "ओठ सुकले आहेत."